पट्टी बांधलेली बोटं

रोवेनाने गोधडी उलगडली, कडेचे टाके अंगठ्याने चाचपून पाहिले, आणि पुन्हा होती तशी घडी घालून आईच्या मांडीवर ठेवून दिली.

"राहू दे," ती हातांनी म्हणाली. "टेसच्या अंगावर ग्रॅमीचं काही नको."

लिओनाचे हात गोधडीखाली दबले होते. उत्तर द्यायचं तर ते आधी बाहेर काढायला हवेत. गोधडी तिच्या सासूने, हेस्टरने, म्हणजे रोवेनाच्या ग्रॅमीने शिवलेली. निळे चौकोन, मधेमधे लिओनाच्या नवऱ्याच्या, मर्टनच्या जुन्या शर्टांच्या चौकटी. नातीला मूल होईल तेव्हा द्यायची, म्हणून म्हातारीने सीडरच्या पेटीत सगळ्यांत खाली जपून ठेवली होती. तिला जाऊन अकरा वर्षं झाली. आता नातीला मूल झालं होतं, पाच महिन्यांचं, बॅंगरहून गाडीतून इथवर झोपत आलेलं, आणि नात म्हणत होती, नको.

का नको, हे विचारायची गरज नव्हती. तीन वर्षांची असताना रोवेनाला मेंदूज्वर झाला आणि तिचे कान गेले. त्या दिवशी आई कारखान्यात होती, बाप समुद्रावर, पोर आजीपाशी. आणि आजीला ताप कळला नाही. हॅडली कोव्हमध्ये हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. मर्टन हेच मानत मेला. रोवेना हेच मानत मोठी झाली.

फक्त ते खरं नव्हतं. खरं काय, ते दोघींना माहीत होतं. त्यांतली एक टेकडीवरच्या दफनभूमीत गप्प होती, आणि जिवंत होती तेव्हाही गप्पच राहिली होती. दुसरी ही अशी, मांडीवर गोधडी घेऊन स्वयंपाकघरात बसलेली.

त्या काळी लिओनाच्या हातांचं नाव होतं. सार्डिनच्या कारखान्यात लांबच लांब टेबलाशी साठ बायका उभ्या असत. समोरून सरकत्या पट्ट्यावर हेरिंग मासे वाहत येत. डाव्या हाताने मासा उचलायचा, उजव्या हातातल्या कात्रीने कच्, डोकं, कच्, शेपूट, आणि डब्यात आडवा. एका डब्यात पाच. बाकीच्या बायका मान खाली घालून झुंजत असत, आणि लिओना खिडकीबाहेर बघत उभी असे. घरी पडदे कुठल्या रंगाचे करावेत, शनिवारच्या बीन्समध्ये काकवी जास्त झाली का, असलं काहीबाही तिच्या मनात चाललेलं असे. हात आपले खाली चाललेले असत. डबा उचलला की तळहाताला कळे, भरला की जरा कमी आहे. मुकादम तो वजनकाट्यावर टाकून बघायचा आणि मान हलवून निघून जायचा.

शेजारी उभी राहणारी बर्निस म्हणायची, "लिओना, तुझ्या हातांना वेगळं हजेरीकार्ड काढून घे बाई. तू तर घरीच असतेस!"

"हातांना मी लागत नाही गं," लिओना म्हणायची. "मी नुसती सोबतीला येते."

सगळ्या हसायच्या. तीही हसायची. त्या वाक्याचा तिला अभिमान होता.

कात्री आणि माशांचे काटे दोन्ही बोटांना खात. म्हणून अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट, दोन्ही हातांची, कापडी चिकटपट्टीने गुंडाळून घ्यायची. सैल झाली तर पाणी शिरून कातडी पांढरी पडे, घट्ट झाली तर बोट बधिर. नीट गुंडाळायला पाव तास लागे, म्हणून बायका घरूनच गुंडाळून निघत. आणि निघायची वेळ काही ठरलेली नसे. माशाची होडी धक्क्याला लागली की कारखान्याचा भोंगा होई. आपल्या कारखान्याचे तीन, मधे थोडा थोडा वेळ सोडून; खाडीपलीकडच्याचा आवाज वेगळा. पहिला भोंगा झाला की पाव भट्टीत असो, केसांना अर्धे कर्लर लावलेले असोत, उठायचं. तिसऱ्या भोंग्यापर्यंत पोचलं नाही तर आपली जागा दुसरी घेई. लिओनाची जागा खिडकीशी होती. सात वर्षं कोणी घेतली नव्हती.

ऑगस्टातली ती सकाळ धुक्याची होती. मर्टन आदल्या संध्याकाळीच सांगत आला होता, की जाळी हेरिंगने भरलीत, उद्या लवकर बोलावतील. म्हणून लिओनाने उजाडताच पट्ट्या गुंडाळून घेतल्या आणि कॉफी घेऊन बसली. खिडकीशी हेस्टर शेवंडांच्या पिंजऱ्यांना लागणारी जाळी विणत होती. तिचं ते रोजचंच. तिच्या मांडीला टेकून रोवेना, अंगठा तोंडात, बाहुली जमिनीवर.

"लिओना, पोर गरम लागतेय मला."

"तुमचे हात सदा बर्फ, मदर. तुम्हाला मांजरसुद्धा तापलेलं वाटतं."

"चेष्टा राहू दे. हात लावून बघ जरा."

लिओनाने वाकून लेकीच्या कपाळावर बोटं ठेवली. मग गळ्याशी. "नाही हो. काही नाही. झोप झाली नाहीये तिची."

"ती पट्टी काढ गं, आणि मग हात लाव."

तेवढ्यात पहिला भोंगा झाला.

"आता काढू? सहाच्या सहा?" लिओना एप्रन अडकवत म्हणाली. "माझे हात आहेत ते, मदर. डब्यात एक मासा वाकडा पडला तरी मला न बघता सांगतात."

"मासा मेलेला असतो," हेस्टर म्हणाली. "मासा थंड असतो, लिओना."

दुसरा भोंगा.

"मग गाल तरी लाव तिच्या कपाळाला. जाता जाता लाव."

पण लिओना पायरी उतरली होती. धुक्यात पुढे बर्निसचा पिवळा रुमाल दिसत होता आणि तिला तो गाठायचा होता. तिसऱ्या भोंग्याला ती खिडकीशी उभी होती. त्या दिवशी तिचे हात कधी नव्हे इतके चालले. हे तिला अजून आठवतं.

दुपारी रोवेनाला झटके आले. घरात फोन नव्हता, गाडी मर्टन घेऊन गेलेला. हेस्टर पोरीला ओल्या चादरीत गुंडाळून, स्वतःचे गुडघे आखडलेले असताना, पाऊण मैल चालत बर्निसच्या दिराकडे गेली. तिथून गाडी, मग कारखाना, मग हॉस्पिटल. तीन वाजले होते. मर्टनही धक्क्यावरून परस्पर तिथे आला.

"सकाळपासून ताप असणार हिला," डॉक्टर म्हणाला. "मूल कोणाजवळ होतं?"

"आजीजवळ," लिओना म्हणाली.

ते खोटं नव्हतं. एवढाच एक शब्द, आणि तो खरा होता. मर्टनने वळून आपल्या आईकडे बघितलं. हेस्टरने लिओनाकडे बघितलं. एक श्वासभर ती तशी बघत राहिली, कोणी दाराशी उभं राहून आतून कडी निघायची वाट बघावी तशी. मग तिने नजर खाली केली आणि चादरीची ओली कड पिळायला लागली.

"सकाळीच आणलं असतं तर?" मर्टनने विचारलं.

"सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाला.

सांगता येत नाही. तीन शब्द. हे तीन शब्द लिओनाने पुढे अठ्ठावीस वर्षं बोटांवर मोजले.

मर्टन आईला कधी वेडंवाकडं बोलला नाही. त्याने बोलणंच बंद केलं. पोर तिच्याजवळ एकटी सोडायची नाही, असा नियम झाला. नियम कोणी काढला नाही, पण सगळे पाळत होते, लिओनासुद्धा. हेस्टर खिडकीशी जाळी विणत बसे आणि पोर अंगणात खेळे, मधे काच.

एकदा, फक्त एकदा, दोघीच घरात असताना लिओना म्हणाली होती, "मदर, त्या दिवशीचं मी मर्टनला..."

हेस्टरने जाळ्याची गाठ ओढून घट्ट केली. "तुला हे पोर वाढवायचंय. तिचा कोणावर तरी पक्का विश्वास हवा. माझ्यावरचा गेला तर गेला, मी म्हातारी बाई." मग जरा थांबून, "पुढे कधीतरी सांग तिला. मोठी झाली की. घाई नाही."

लिओनाने त्यातलं 'घाई नाही' तेवढं उचललं.

पाचव्या वर्षी रोवेना बहिऱ्यांच्या शाळेत राहायला गेली आणि पहिल्याच नाताळला आली ती हातांनी बोलत. लिओनाने ती भाषा एका हिवाळ्यात शिकून घेतली. भांडी घासता घासता, पट्ट्याशी उभ्या उभ्या. बर्निस म्हणायची, "मासा डब्यात टाक, हवेत नको!" मर्टनला शेवटपर्यंत 'जेव' आणि 'झोप' याच्या पुढे जमलं नाही. लिओनाची बोटं मात्र शाळेतल्या बाईंनी उभं राहून बघावीत अशी झाली.

आणि तरीही रोवेना तक्रार करायची. सात-आठ वर्षांची असल्यापासून. "मम्मा, तुझे हात बोलतात आणि तोंड कारखान्यात असतं."

खरंच होतं ते. त्या भाषेत भुवयांनी प्रश्न विचारतात, ओठांनी टोमणा मारतात, खांदे सांगतात किती मोठं आणि किती वाईट. नुसत्या बोटांनी बोललं तर ते कोणीतरी कागद वाचून दाखवल्यासारखं होतं. लिओनाला हे कळत होतं. पण पट्ट्याशी उभं राहून राहून तिचा चेहरा खिडकीबाहेर बघणारा झाला होता. खाली हात काय करतायत त्याच्याशी त्याचा संबंध नसे. आणि कुठेतरी आत तिला हेही कळत होतं, की हे सोयीचं आहे. ज्याच्याकडे लपवायला काही आहे, त्याने असाच चेहरा ठेवावा.

टेस रोवेनाच्या हातावर झोपली होती. लिओनाने गोधडी बाजूला ठेवली आणि टाचेने जमिनीवर दोनदा ठोकलं. फळ्यांतून तो ठोका रोवेनाच्या पायांना कळला. तिने वर बघितलं.

लिओनाचे हात सुटले. हे वाक्य तिने कितीदा तरी खिडकीच्या काचेसमोर करून बघितलं होतं, कारखाना बंद पडल्यापासून तर रोजच. वेग तोच जुना, फक्त सांधे जाड झालेले.

रोवेनाला हसू फुटलं. एका मोकळ्या हाताने ती म्हणाली, "सावकाश! तू बोलतेयस की मासे भरतेयस?"

लिओना थांबली. हात मांडीवर ठेवले, मग उचलले, आणि एकेक शब्द वेगळा ठेवत म्हणाली, "त्या सकाळी. ग्रॅमीला. ताप. कळला होता."

रोवेनाचं हसू जागच्या जागी राहिलं.

"तिने मला सांगितलं. मी हात लावून बघितला. माझ्या बोटांना पट्ट्या होत्या. मला काही लागलं नाही. ती म्हणाली, पट्टी काढ. मी काढली नाही. भोंगा झाला होता."

हातांना एवढंच पाठ होतं. इथून पुढे काचेसमोर कधी जमलं नव्हतं. लिओनाला जाणवलं, आपले ओठ थरथरतायत, भुवया वर गेल्यात. आणि ते ती आवरत नाहीये.

"हॉस्पिटलमध्ये विचारलं, मूल कोणाजवळ होतं. मी म्हणाले, आजीजवळ. मी पुढे काही बोलले नाही. ती पण बोलली नाही. तुझ्या बापाला माहीत नव्हतं. कोणालाच—"

रोवेनाने डोळे मिटून घेतले.

लिओनाचे हात हवेतच थांबले. ऐकणाऱ्या माणसाने पाठ फिरवली तरी त्याच्या कानावर काही पडतं. रोवेनाने डोळे मिटले की आईच्या बोलण्याला तिच्यापर्यंत पोचायला दुसरी वाट नव्हती. लहानपणी रागावली की ती हेच करायची. तेव्हा लिओना तिला गुदगुल्या करून डोळे उघडायला लावायची. आता ती नुसती बसून राहिली, हात तसेच धरून.

बऱ्याच वेळाने रोवेनाने डोळे उघडले. "मी दहा वर्षांची होते," ती म्हणाली. तिचे हात लहान लहान चालत होते, दात-ओठ खात बोलावं तसे. "ग्रॅमी माझ्यासाठी बिस्किटं घेऊन आली होती. शाळेत. बसने, एकटी, तीन बसा बदलून. मी खोलीबाहेर आले नाही. मी मुलींना सांगितलं, या बाईने मला बहिरी केलं. त्या दारात जाऊन तिच्याकडे टक लावून बघत उभ्या राहिल्या. ती परत गेली."

लिओनाला हे माहीत नव्हतं. हेस्टर त्या दिवशी 'बहिणीकडे गेले होते' एवढंच म्हणाली होती.

"तू मला सांगितलं असतंस," रोवेना म्हणाली, "तर मी बिस्किटं खाल्ली असती."

तिने टेसला टोपलीत ठेवलं, अंगात जाकीट घातलं आणि धक्क्याकडे निघून गेली. दार तिने आपटलं नाही. आवाज तिला कळत नाही म्हणून ती कधीच दार आपटत नसे. पण आज हळू लावलं, हे लिओनाला जास्त लागलं.

खिडकीतून धक्का दिसत होता. कारखान्याची पाटी उतरवलेली, भोंग्याच्या नळीवर सीगल बसलेला. त्याच्या खाली रोवेना, हात खिशात. हात खिशात घातलेल्या बहिऱ्या माणसाइतकं गप्प कोणी नसतं.

टेस कुरकुरली. मग रडायलाच लागली, गाल लाल करून, मूठ तोंडात कोंबून. लिओनाने तिला उचललं. गाल लाल होते, म्हणजे दात येत असतील, नाहीतर काय? तिचा हात सवयीने पोरीच्या कपाळाकडे गेला, आणि मधेच थांबला. अंगठ्यावर कात्रीचा घट्टा होता, तर्जनीवर काट्यांचे पांढरे व्रण. कारखाना बंद पडल्यापासून दोन वर्षांत एकदाही पट्टी लावली नव्हती, तरी त्या बोटांना आता लोकर आणि लाकूड यांतला फरकही धड कळत नसे. पट्टी आतच राहिल्यासारखी झाली होती.

तिने हात खाली घेतला. मान वाकवली आणि पोरीच्या कपाळाला गाल लावला.

ऊब होती. नुसती बाळाची ऊब, दुधाच्या वासाची. ताप नव्हता. कळायला एक श्वास पुरला. दुसरा भोंगा आणि तिसरा भोंगा यांच्यामध्ये असे शंभर श्वास मावले असते.

ती तशीच उभी राहिली, गाल न काढता. पाठीमागे दार उघडलेलं तिला गार वाऱ्यावरून कळलं.

रोवेना उंबऱ्यात उभी होती. पोरीचा लाल चेहरा बघून तिच्या भुवया वर गेल्या. "ताप आहे?"

लिओनाचे दोन्ही हात बाळात गुंतलेले. एकही मोकळा करता येईना. तिने नुसतं बघितलं लेकीकडे आणि मान हलवली, नाही. आणि ती 'नाही' सांगताना तिच्या चेहऱ्यावरून काय काय गेलं, ते तिला स्वतःला दिसलं नाही. रोवेनाला दिसलं. ती ते बघत राहिली, आपल्या आईला पहिल्यांदाच बोलताना बघावं तशी.

पण तिने आईच्या सांगण्यावर सोडलं नाही. पुढे आली, वाकली, आणि स्वतःचे ओठ टेसच्या कपाळाला टेकवले. मग गळ्याशी. मग पुन्हा कपाळाला. लिओना जागची हललीही नाही. लेकीचं बरोबरच होतं. असंच करायचं असतं.

रोवेनाने टेसला तिच्या हातातून घेतलं. खांद्याशी धरलं आणि एका हाताने विचारलं, "ग्रॅमी काय म्हणाली होती? तिच्या शब्दांत सांग."

लिओनाचे हात मोकळे झाले होते. तिने हेस्टरसारखी पाठ वाकवली, डोळे बारीक केले, जाळ्याची सुई बाजूला ठेवल्यासारखं केलं. तिला नक्कल करायची नव्हती. पण त्या भाषेत दुसऱ्याचं बोलणं सांगायचं म्हणजे त्याच्या जागी जाऊन बसावंच लागतं, आणि इतकी वर्षं ती त्या खुर्चीपासून लांब राहिली होती.

"ती पट्टी काढ गं," हेस्टर म्हणाली. "आणि मग हात लाव. नाहीतर गाल तरी लाव. जाता जाता लाव."

रोवेनाने ते नीट बघितलं. ओठ न हलवता, हाताने पुन्हा एकदा स्वतःशी म्हणून पाहिलं. गाल लाव. जाता जाता.

मग ती टेबलाशी गेली, गोधडी उचलली, एका हाताने झटकून उलगडली आणि टोपलीत अंथरली. टेसला वर निजवलं, आणि उरलेली कड तिच्या पायांवर ओढून घेतली. मर्टनच्या शर्टाची चौकट बाळाच्या मुठीत आली. टेसने ती सरळ तोंडात घातली.

लिओनाने टाचेने जमिनीवर ठोकलं. एकदा. दोनदा.

रोवेनाच्या खांद्यांवरून कळत होतं, ठोका तिला पोचला आहे. पण ती टोपलीवर वाकलेली होती आणि गोधडीच्या टाक्यांवरून अंगठा फिरवत होती, एकेक टाका, सावकाश, जणू कोणी काही सांगतंय आणि मधे बोलायचं नाही. तिने वर बघितलं नाही.

लिओना खुर्चीवर बसली. हात मांडीवर उघडे ठेवले, बोलायला तयार असे, आणि रोवेना वर कधी बघते, याची वाट बघत राहिली. हेस्टरने हॉस्पिटलमध्ये एक श्वासभर बघितली होती, तशीच. फक्त लिओनाला किती वेळ बघावी लागेल, ते आता रोवेनाच्या हातात होतं.